शहराच्या हवेची रोजकीर्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास हे विषय शोभून दिसतात. अशा मालेत संगणक आणि धूळ असा रुक्ष विषय घेऊन उभे राहण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, त्यास एक कारण आहे. गेल्या काही हिवाळ्यांत या शहरातील मराठी घरांमध्ये सकाळी पहिला प्रश्न विचारला जातो, तो "आज आकडा किती?" हा. पुण्याहून अगर नागपूरहून येणाऱ्या दूरध्वनीवरही प्रकृतीच्या आधी आकड्याची चौकशी होते. ज्या आकड्यावर नातवंडांचे खेळणे, वृद्धांचे फिरणे आणि मंडळाचे कार्यक्रम ठरतात, तो आकडा येतो कोठून, कोण काढतो आणि त्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमची उमेदीची वर्षे संगणकाच्या व्यवसायात गेली. त्या अनुभवाच्या बळावर हा विषय आपल्यापुढे मांडीत आहोत.

प्रारंभी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीची पाडव्याची पहाट. आदल्या रात्री लक्ष्मीपूजन होऊन गेलेले. आमच्या शेजारी राहणारे, मंडळाचे एक जुने सभासद दम्याचे रुग्ण. नित्यनियमाप्रमाणे फिरावयास निघण्यापूर्वी त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही खिशातील दूरध्वनीवर पाहिले. आकडा होता १८६, वर्ग 'मध्यम'. "काका, चला," असे आम्हीच म्हणालो. वीस मिनिटांत त्यांना बाकावर बसावे लागले, आणि तेथून घरी न जाता दवाखान्यात जावे लागले. ते बरे झाले. परंतु त्या हिवाळ्यात पुन्हा बागेत आले नाहीत. दुपारी आम्ही तो आकडा नीट न्याहाळला, तेव्हा त्याखाली बारीक अक्षरांत वेळ दिसली: आदल्या सायंकाळची सहाची. रात्री केंद्राशी असलेला संपर्क तुटला होता, नवा आकडा आलाच नव्हता, आणि दाखविणारी यंत्रणा शेवटचा आकडा निर्विकारपणे दाखवीत राहिली होती. फटाक्यांची संपूर्ण रात्र त्या हिशेबातून गळाली होती. कोणीही खोटे बोलले नव्हते. तरी आम्ही काकांना खोटे सांगितले. आजचे व्याख्यान त्या सकाळच्या टोचणीतून निघाले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या देशात वायुप्रदूषणाविषयीचा कायदा १९८१ साली झाला आणि राष्ट्रीय पातळीवर हवा मोजण्याचा कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. त्या वेळची रीत साधी होती. आधी वजन केलेला गाळणकागद यंत्रात बसवावयाचा, पंपाने हवा ओढावयाची, आणि कागद प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वजन करावयाचे. वजनातील वाढ म्हणजे हवेतील धूळ. ही मोजणी आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस होई. उरलेल्या २६१ दिवसांची हवा कोणत्याच वहीत उतरत नसे. वार्षिक सरासरीसाठी ही पद्धत उपयोगी होती, आणि पुष्कळ गावांत ती आजही चालते. परंतु उद्या सकाळी मुलांना शाळेच्या मैदानावर पाठवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते.

त्यासाठी अखंड मोजणारी केंद्रे आली. दिल्लीत आनंद विहार, रामकृष्ण पुरम, पंजाबी बाग येथील केंद्रांची नावे आता आपल्या बोलण्यात रुळली आहेत. या केंद्रांत धुळीसाठी बहुधा असे यंत्र असते की, ज्यात कागदाची फीत हळूहळू पुढे सरकते. फितीच्या एका ठिपक्यावर हवेतील धूळ जमते. त्या ठिपक्यातून बीटा किरण सोडले जातात आणि ते किती क्षीण झाले यावरून धुळीचे वजन निघते. अडीच मायक्रोमीटरहून बारीक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे जे कण, त्यांस पीएम २.५ म्हणतात. हेच कण फुप्फुसांत खोलवर जातात. वायूंसाठी निराळी यंत्रे असतात.

केंद्राने मोजले, पुढे काय? येथे ज्या रचनेविषयी मुख्यत्वे बोलावयाचे आहे ती येते. संगणकशास्त्रात तिला क्लायंट-सर्व्हर रचना म्हणतात. मोठ्या एका संगणकाभोवती मुकी टर्मिनले बसविण्याची जुनी पद्धत मागे पडून टेबलाटेबलावर स्वतःचे डोके असलेले संगणक आले, तेव्हा ही रचना रूढ होत गेली. नाव परके असले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाची खिडकी आठवा. वाचक कपाटांत हात घालीत नाही. तो चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून खिडकीत देतो. ग्रंथपाल नोंदवही पाहतात, पुस्तक काढतात, शिक्का मारतात आणि देतात. चिठ्ठी देणारा तो क्लायंट, देणारे ग्रंथपाल ते सर्व्हर, आणि चिठ्ठी कशी लिहावी याचा जो ठराव तो त्या दोघांमधील संकेत. या व्यवस्थेचे दोन लाभ आहेत. वाचक शंभर असोत वा हजार, पुस्तकांची मांडणी एकाच हाताखाली राहते. आणि उद्या कपाटे दुसऱ्या खोलीत हलविली तरी वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही.

हवेच्या व्यवस्थेत क्लायंट दोन प्रकारचे असतात. एक ग्रंथ घेणारा, म्हणजे आपल्या खिशातील दूरध्वनी, चौकातील फलक, वर्तमानपत्राची कचेरी. दुसरा ग्रंथ आणून देणारा, म्हणजे मोजणी केंद्र. दुसऱ्या प्रकाराविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळ व्यवस्था तेथेच फसतात.

केंद्र रस्त्याच्या कडेला उभे असते. तेथे वीज जाते, पावसाळ्यात तार तुटते, संपर्क खंडित होतो. म्हणून शहाण्या रचनेत केंद्राला स्वतःची वही असते. मोजलेला आकडा प्रथम त्या वहीत उतरतो, मग सर्व्हरकडे रवाना होतो, आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय वहीतून खोडला जात नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना मनीऑर्डर आठवत असेल. ती जुनी सेवा २०१५ मध्ये बंद झाली. पण येथून गावी पैसे पाठविल्यावर आईच्या अंगठ्याची किंवा सहीची पोच परत येईपर्यंत जिवाला स्वस्थता नसे. केंद्रालाही तशीच पोच लागते. आता समजा, आकडा पोहोचला पण पोचच वाटेत हरवली. केंद्र तोच आकडा पुन्हा पाठवील. सर्व्हरने तो दोनदा जमा धरला तर सरासरी बिघडेल. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत केंद्राचे नाव, घटकाचे नाव आणि मोजणीची वेळ जाते; त्या तिघांची जोडी आधीच जमा असेल तर सर्व्हर दुसरी प्रत बाजूला ठेवतो आणि तरीही पोच देतो.

वेळेचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. हवामानाची गणिते जगभर ग्रीनिचच्या वेळेशी बांधलेल्या जागतिक वेळेवर चालतात. आपली केंद्रे भारतीय वेळेवर. अंतर साडेपाच तासांचे. कोणी एके ठिकाणी हे अंतर विसरले, तर पहाटे साडेपाचची कोंदलेली हवा मध्यरात्रीच्या नावे जमा होते, आणि पुढचे सारे गणित मुकाट्याने चुकते.

आकडा आला म्हणजे तो खरा असे सर्व्हरने समजू नये. त्याने चार प्रश्न विचारावेत. हा आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे काय? तोच आकडा तासन्‌तास जसाच्या तसा येतो आहे काय, म्हणजे यंत्र अडकले तर नाही? बारीक कणांचा आकडा एकूण कणांच्या आकड्याहून स्पष्टपणे मोठा आहे काय, कारण भाग हा पूर्णाहून मोठा असू शकत नाही? आणि शेजारची केंद्रे काय म्हणतात? दि. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान नोंदविले आणि ती बातमी तासाभरात जगभर गेली. शहरातील अन्य केंद्रांचे आकडे बरेच खाली होते. पुढे भारतीय हवामान विभागाने स्वतः तपासणी केली आणि त्या केंद्राचा संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवीत होता असे जाहीर केले. चूक यंत्राची होती. ती शोधून उघडपणे सांगणे हे शास्त्राचे काम होते, आणि ते झाले. तात्पर्य इतकेच की, आलेला मूळ आकडा कधी पुसू नये; त्याच्या शेजारी 'संशयित' अशी खूण करावी. हिशेबनीस चुकीच्या नोंदीवर पांढरी शाई लावीत नाही. आडवी रेघ मारून बाजूला दुरुस्ती लिहितो. तद्वत्‌ हे.

आता आपल्या रोजच्या आकड्याविषयी. राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून चालू आहे. आठ घटक त्यात धरले आहेत. किमान तिघांची मोजणी हवी आणि त्यांत धुळीचा एक घटक हवाच. प्रत्येक घटकाला ठरलेल्या कोष्टकावरून गुण मिळतात. उदाहरणार्थ, पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १०५ मायक्रोग्रॅम असेल. ही पायरी ९१ ते १२० ची असून तिला २०१ ते ३०० हे गुण नेमलेले आहेत. त्या प्रमाणात १०५ ला २४९ येतात. पीएम १० समजा १८०. त्याचे गुण १५३. नायट्रोजन डायऑक्साइड ४०, गुण ५०. आता निर्देशांक किती? या तिघांची सरासरी काढली जात नाही; सर्वांत वाईट तो निर्देशांक, म्हणजे २४९, वर्ग 'वाईट'. परीक्षेत गणितात नापास झालेल्याला चित्रकलेचे गुण तारीत नाहीत, तसाच हा न्याय आहे. आणि तो योग्यच आहे, कारण छातीला सरासरी समजत नाही.

यात एक मेख आहे. धुळीचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. म्हणजे आज सकाळी सातच्या आकड्यात काल दुपारची मोकळी हवाही मिसळलेली असते. हवा एकाएकी बिघडली तर निर्देशांक मागाहून चढतो, सुधारली तर मागाहून उतरतो. म्हणून पहाटे फिरावयास निघणाऱ्याने निर्देशांकाबरोबर त्या तासाची मोजणीही पाहावी. शिवाय, वर्गांची नावे मर्यादा कोणी आखल्या यावर अवलंबून असतात. पीएम २.५ साठी आपले २००९ चे चोवीस तासांचे प्रमाण ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेले १५ आहे. येथे 'समाधानकारक' म्हणून गणली जाणारी हवा त्या मापाने चौपट मलिन असू शकते.

मोजणी झाली ती होऊन गेलेल्या हवेची. उद्याची हवा सांगावयाची तर गणिती प्रतिमान लागते, आणि येथे आपल्या अभिमानाची एक गोष्ट आहे. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, त्या वेळी हवेचे पूर्वानुमान देणारी 'सफर' ही व्यवस्था येथे सुरू झाली. ती उभारली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने. ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. 'सफर' पुढे २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आणि २०१७ मध्ये अहमदाबादेत गेली. २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर याच संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीसाठी पूर्वसूचना देणारी आणखी एक व्यवस्था सुरू झाली. आपण पुण्याचे लोक दिल्लीत येऊन संसाराचा हिशेब मांडतो. दिल्लीच्या हवेचा हिशेब पुण्याच्या विद्वानांनी मांडला.

हा हिशेब कसा असतो? शहरावर आणि भोवतालच्या प्रदेशावर चौकटींची जाळी कल्पावी. सूक्ष्म गणितात एक चौकट ४०० मीटर लांब-रुंद इतकी लहान घेतात. जमिनीपासून वर तिचे थर रचावेत. मग प्रत्येक पेटीची रोजकीर्द लिहावी. आरंभीची शिल्लक किती. वाऱ्याने शेजारच्या पेटीतून आले किती. आपल्याच पेटीतील गाड्या, चुली, बांधकामे यांनी टाकले किती. रासायनिक क्रियेने नवे जन्मले किती. वाऱ्याने नेले, पावसाने धुतले, जमिनीवर बसले ते किती. आणि अखेरची शिल्लक किती. असे लक्षावधी पेट्यांसाठी, काही सेकंदांच्या पावलांनी, तीन दिवस पुढेपर्यंत. म्हणून महासंगणक लागतात. आरंभीची शिल्लक केंद्रांच्या मोजणीवरून आणि उपग्रहांवरून घेतात. शेतांतील काडीकचऱ्याच्या आगी उपग्रहांनाच दिसतात. कोणत्या पेटीत कोण किती धूर सोडतो याची यादी मात्र माणसांनी गल्लोगल्ली फिरून करावी लागते, आणि सारे गणित त्या यादीइतकेच खरे असते.

हिवाळ्यातच हवा का कोंदते, हेही या रोजकीर्दीवरून उमगते. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा जड होऊन बसते, आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. उन्हाळ्याच्या दुपारी धूर मिसळावयास दोन-तीन किलोमीटर उंचीचे दालन असते. थंडीच्या रात्री तेच दालन काहीशे मीटरांवर येते. धूर तितकाच, दालन दहावा हिस्सा. मग दाटी दसपट. आपण पहाटेची हवा शुद्ध मानीत आलो. कोकणात अगर देशावरील खेड्यात ती तशी असेलही. मार्गशीर्षातील दिल्लीत सूर्य वर येईपर्यंत ती तशी नसते. येथे राहावयाचे तर ही सवय आपण बदलली पाहिजे.

आता रचनेचे मर्म ध्यानी येईल. मोजणारे केंद्र रस्त्यावर, साठविणारा सर्व्हर एका ठिकाणी, गणित करणारा महासंगणक दुसऱ्या ठिकाणी, पाहणारे आपण घरात. गणित करणाराही सर्व्हरचा एक क्लायंटच असतो. तो मोजण्या मागून नेतो आणि पूर्वानुमान आणून देतो. प्रत्येकाचे काम वेगळे असल्यामुळे गणिताची पद्धत सुधारली तरी केंद्रांना हात लावावा लागत नाही. उलट, निर्देशांक प्रत्येक फलकाने आपापल्या परीने काढावयाचे ठरविले, तर एका चौकात दोन आकडे दिसतील आणि लोकांचा दोहोंवरचा विश्वास उडेल. म्हणून कोष्टक सर्व्हरपाशी एकच असावे. फलकाने फक्त दाखवावे.

परंतु दाखविणाऱ्याचीही एक जबाबदारी आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठी. 'माहीत नाही' असे म्हणण्याची त्याला सोय हवी. आकडा तीन तास जुना असेल तर त्याने फिका व्हावे. सहा तास जुना असेल तर नाहीसे व्हावे आणि तेथे 'मोजणी उपलब्ध नाही' असे ठळक यावे. रिकामी जागा आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पत्र आले नाही याचा अर्थ घरी सर्व क्षेम आहे असा आपण कधी घेतला काय? घरापासून दूर राहणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

या आकड्यावर केवळ आपले फिरणे अवलंबून नाही. दिल्ली परिसरासाठी २०१७ पासून टप्प्याटप्प्याच्या उपायांची योजना आहे. निर्देशांक २०० च्या वर गेला की पहिला टप्पा, ३०० च्या वर दुसरा, ४०० च्या वर तिसरा, ४५० च्या वर चौथा. आणि २०२२ च्या सुधारणेने पूर्वानुमानावरून आगाऊ पावले उचलण्याची वाट मोकळी केली. वरच्या टप्प्यांत बांधकामे थांबतात. बांधकाम थांबले की रोजंदारीवरील मजुराची चूल थांबते. पूर्वानुमान उगाच चढे आले तर त्याची मजुरी बुडते. उगाच उतरते आले तर त्याच्याच मुलाची छाती भरते. धूर आणि आकडा या दोहोंचा मार प्रथम त्यालाच बसतो. म्हणून हा आकडा काढणाऱ्याने, साठविणाऱ्याने आणि दाखविणाऱ्याने न्यायाधीशाच्या काळजीने काम करावे, अशी आमची अपेक्षा आहे.

शेवटी मंडळाला एक सूचना. ग्रंथालयाच्या दारात एक साधा फळा लावावा. रोज सकाळी कोणीतरी त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: जवळच्या केंद्राचे नाव, त्या तासाची मोजणी, आणि ती किती वाजताची हे. मोजणी नसेल तर 'आज मोजणी नाही' असेच लिहावे. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम दोन तास उशिरा घ्यावा. सूर उन्हातही तितकेच लागतात. आणि ज्यांच्या घरी वृद्ध अगर दमेकरी आहेत, त्यांनी हिवाळ्यात एकमेकांस सकाळी एकदा विचारपूस करावी. कोणताही सर्व्हर हे काम करू शकत नाही.

ते काका आता मुलाकडे पुण्यास असतात. परवा त्यांचा दूरध्वनी आला. बोलता बोलता त्यांनी आमच्या येथला आकडा विचारला. आम्ही सांगितला, आणि या वेळी त्याची वेळही सांगितली.